कापसाला टेकून

दसऱ्यानंतर आमच्या माहेरच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त असतो. गाव तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तलमडुगु मंडळातलं, जमीन कोरडवाहू. कापूस आणि ज्वारी, तिसरं पीक नाही. वेचून आणलेला कापूस लगेच विकत नाहीत. सुरुवातीचा ओलसर असतो, भावही चढायचा असतो. म्हणून आधी ओसरी भरते, मग मधली खोली, आणि देवाचा कोपरा तेवढा सोडून पांढरा ढीग आढ्यापर्यंत जातो. मधून जायला एक गल्ली ठेवतात. जेवणं त्या गल्लीत, भावाच्या पोरीचा अभ्यास त्या गल्लीत, आणि झोपायचं तेही ढिगाच्या पायथ्याशी, जागा मिळेल तसं. आमच्याकडे यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

त्या ढिगानं एक गोष्ट आमच्यापासून तीन महिने लपवून ठेवली. माझ्या भावजयीला सपाट झोपता येत नव्हतं, आणि ते कुणालाही दिसलं नाही. मला तर अजिबात नाही. आमच्या घरात सगळं दिसण्याची जबाबदारी माझी समजली जाते.

मी आदिलाबाद शहरात राहते, सरकारी कचेरीत नोकरी करते. वीस वर्षं दप्तर सांभाळल्यामुळे म्हणा, किंवा मुळात स्वभावच तसा म्हणा, मला वहीत उतरवल्याशिवाय काही खरं वाटत नाही. कुणाचा चष्मा बदलायचा राहिलाय, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात, माहेरच्या घराची कौलं कधी चाळायची, सगळं माझ्या वहीत असतं. भाऊ माझ्याहून बराच धाकटा. तो आणि भावजय दोघंही मला 'बाई' म्हणतात. आमच्या भागात थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. भावजय तेव्हा पस्तिशीची. अंगानं बारीक, गोरी, आणि गालांवर कायम जरा लाली. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला खायला-प्यायला चांगलं मिळतं बघा, गाल कसे आहेत. ती लालीसुद्धा दुखण्याची होती हे मला पुढे कळलं.

दिवाळीला गेले तेव्हा भाऊच म्हणाला, "बाई, हिले जरा सांग. दोन ओळी वेचते अन् बसते. बाया हसतात हिले."

"हसू द्या," भावजय चुलीपाशी बसून म्हणाली. "मी बसली म्हनूनच त्याहिले पानी भेटते."

"दम लागते काय?" मी विचारलं.

"लागते थोडा. कापूस सुरू झाला तवापासून. रुई बसली असन छातीत."

"रुमाल बांधत जा तोंडाले."

"रुमाल बांधला तं दम कुठून घेऊ, बाई?"

सगळे हसले. मीही हसले आणि वही काढली. जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या गिरणीत, काम करणारी माणसं घरी आली की गुळाचा खडा खातात. घशात, छातीत गेलेली रुई गुळाबरोबर उतरते असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात. मी शिकलेली, पण हे मीही मानत होते. वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'कापसाचा त्रास', आणि खाली चार ओळी: ओला रुमाल, वाफ, गूळ, खोकल्याचं औषध. औषध मी स्वतः आदिलाबादच्या मेडिकलमधून आणून दिलं. दर पंधरा दिवसांनी गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये ओळखीच्या माणसाबरोबर गुळाची ढेप पाठवली. एकदाही चुकवली नाही. चुकीची गोष्ट मी अतिशय वेळेवर केली.

नंतर मी ते तीन महिने अनेकदा मनात उलटून पाहिले, तेव्हा एकेक गोष्ट वर आली, आणि प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं असं दिसलं. संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. दिवसभर उभं राहून सुजतात, असं म्हटलं. एकदा ती म्हणाली, "छातीत होला फडफडल्यासारखा वाटते, बाई". होला म्हणजे पारव्यासारखं पाखरू. मी रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. खोकला होताच, तो कापसाचा. आणि ती कापसाच्या ढिगाला पाठ लावून, अर्धी बसल्यासारखी झोपायची. विचारलं तर म्हणायची, "कापसाले टेकलं का बरं वाटते." भाऊ चिडवायचा, "राणीले गादी लागते." त्या घरात सगळेच कापसाच्या अंगानं कसेही पडत. पोरगी तर ढिगावर चढून झोपायची. त्यात एक बाई बसून झोपते हे कुणाला वेगळं दिसणार?

संक्रांत झाली आणि कापूस गेला. एका दिवसात दोन टेम्पो भरले, घर रिकामं झालं. पुढच्या रविवारी मी गेले. घर झाडून, सारवून लख्ख केलं होतं. इतक्या महिन्यांनी मधल्या खोलीची जमीन दिसत होती. जेवणं झाली, दुपारची वेळ. भाऊ शेताकडे गेला, पोरगी अंगणात खेळत होती. मी सतरंजी टाकून आडवी झाले. भावजय दाराच्या चौकटीला टेकून बसली.

"पड न जरा," मी म्हटलं.

"नाई, झोप नाई येत."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी उठून बसले. कोपऱ्यात गोधड्यांची चळत होती. घरातल्या सगळ्या गोधड्या एकावर एक, भिंतीला लावून. त्या तशा का, हे विचारायच्या आतच मला समजलं. चळतीवर पाठीच्या आकाराचा खड्डा पडला होता.

"तू इथं टेकून झोपतेस?"

ती उठून गोधड्या सारख्या करायला लागली.

"कवापासून?"

"कापूस गेला तवापासून. पहिले कापूस होता न."

मी कारकुनी डोक्याची बाई आहे. कारण गेलं की परिणाम जायला पाहिजे, एवढं मला कळतं. रुई छातीत बसली म्हणून त्रास होता, तर रुई घरातून गेल्यावर त्रास कमी व्हायला हवा होता. घर सारवलेलं होतं, धूळ नव्हती, वेचणी बंद होती, आणि ही बाई आठ दिवस झोपली नव्हती.

"माझ्यासमोर आडवी हो," मी म्हटलं.

"बाई, राहू द्या न."

"हो म्हन्लं न."

ती माझ्या सतरंजीवर सपाट पडली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मिनिटभरसुद्धा झालं नाही. तिनं एकदम कोपरावर जोर देऊन अंग उचललं, भिंत धरली, आणि खोकायला लागली. खोकला थांबेना. तोंड उघडं, मान पुढे, गळ्याजवळचे खळगे आत ओढले जात होते. पदर तोंडाशी धरला होता तो तिनं बाजूला केला तेव्हा त्यावर फिकट गुलाबी फेस होता.

मला वाटतं तोपर्यंत मी आयुष्यात खरी भ्याले नव्हते. काळजी केली होती, पुष्कळ केली होती, पण काळजीला करायला काहीतरी काम असतं. त्या दोन मिनिटांत माझ्या हाताला काही काम सुचेना. मी तिची पाठ चोळत होते आणि पाठ चोळून उपयोग नाही हे मला कळत होतं.

"असं पहिले झालतं?"

तिनं मान हलवली. झालं होतं. "हिरड्यातून येत असन म्हन्लं," ती श्वासांच्या मधून म्हणाली.

भावाला फोन केला. तो धावत आला, तिच्याकडे पाहिलं, आणि तेव्हा ती जरा शांत बसली होती म्हणून म्हणाला, "आज आयतवार हाय, बाई. डाक्टर नसते. उद्या सकाळीच नेऊ."

"आत्ता."

"अवं पन—"

"गाडी आन. आत्ता."

शेजाऱ्यांची गाडी मिळाली. आदिलाबादपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. ती मागं टेकतच नव्हती. पुढच्या सीटवर दोन्ही हात ठेवून वाकून बसली होती आणि प्रत्येक गतिरोधकाला तिचा श्वास अडकत होता. भाऊ पुढे बसून सारखा मागे वळून पाहत होता. मी त्याला दोनदा म्हटलं, समोर पाहा. त्याचा चेहरा पाहून मला अजून भीती वाटत होती.

अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "बाई, मले काई झालं तं पोरीले शाळेतून काढू नका."

"गप बस. बोलू नको."

"हो म्हना पहिले."

"हो."

सरकारी दवाखान्यात रविवारीही डॉक्टर होते. नाकाला ऑक्सिजन लावला, शिरेतून एक इंजेक्शन दिलं. छातीत साचलेलं पाणी लघवीवाटे निघून जाईल, असं नर्सनं सांगितलं. तासाभरात तिचा श्वास खाली आला. छातीवर तारा लावून कागदाची पट्टी काढली. मला त्या पट्टीवरच्या रेघा कळत नाहीत, पण त्या सारख्या अंतरावर नव्हत्या हे कळलं. होला खरंच फडफडत होता.

दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी. बाहेर बाकावर रांग होती. मला नुसतं बसवेना. मी वही काढली आणि शेजारच्यांना विचारायला लागले. काय होतं, तुम्हाला आधी काय वाटलं होतं, आणि डॉक्टर काय म्हणाले. इचोड्याचा एक धाबेवाला होता, धिप्पाड. त्याला वरच्या पोटात जळजळ आणि जबड्यात ठणका होता. गॅस म्हणून दोन दिवस सोडा पीत राहिला. तो हृदयविकाराचा झटका होता. हृदयालाच रक्त देणारी नळी तंबाखूनं आणि साखरेच्या आजारानं बुजत आली होती. "छातीत दुखलंच नाही हो अम्मा," तो हिंदीत परत परत सांगत होता, जणू दुखण्यानं त्याच्याशी लबाडी केली. बोथ गावाकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. पाय सुजले, चार पावलांत दम. घरचे म्हणाले, वय झालं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्यांनी बरं वाटतंय म्हणून बंद केल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं जोर लावून हृदय थकून सैल पडलं होतं. 'काय वाटलं होतं' या रकान्यात मी लिहिलं: गॅस. वय. आणि खाली माझ्या अक्षरात: कापूस.

मी वही मिटली.

डॉक्टरीण तरुण होती. तेलुगू बोलायची, आमच्यासाठी हिंदीत सांगितलं. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात, त्यांच्यामध्ये झडप असते. ती चांगली उघडायला हवी. हिची जाड होऊन कडांना चिकटली आहे, करंगळीचं टोकसुद्धा जाणार नाही एवढीच उघडते. मागं रक्त तुंबतं, फुप्फुसांत दाब वाढतो, पाणी झिरपतं. बसलं की पायांतलं रक्त खालीच राहतं. आडवं झालं की ते सगळं छातीकडे येतं.

"म्हणून ही झोपू शकत नाही. किती उशा घेते?"

"कापूस," भाऊ हळूच म्हणाला.

डॉक्टरिणीला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तिनं भावजयीकडे वळून विचारलं, "लहानपणी सांधे धरले होते? ताप, गुडघे सुजणं?"

भावजय म्हणाली, हो. दहा-अकरा वर्षांची असताना. आधी घसा दुखला, मग ताप, मग एक गुडघा, तो बरा झाला तर दुसरा, मग कोपर. आई निरगुडीचा पाला बांधायची. एका डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, बरीच वर्षं घ्यायला सांगितलं होतं. पाच-सहा घेतली. "गुडघे बरे झाले, मंग काऊन घ्याचं? लय दुखे ते." त्या आजारपणात शाळा सुटली ती सुटलीच.

डॉक्टरीण म्हणाली, घशातल्या जंतूंशी शरीर लढतं आणि त्या लढाईत चुकून स्वतःच्या सांध्यांना आणि हृदयाच्या झडपेला मारतं. सांधे बरे होतात. झडप होत नाही. ती वर्षानुवर्षं हळूहळू आवळत जाते, आणि तोवर घसा दुखलेला कुणाला आठवत नाही. इंजेक्शन पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून होतं. गुडघ्यांशी त्याचा संबंध नव्हता.

हे ऐकताना भावजयीचा चेहरा बदलला नाही. गाडीत तिनं पोरीच्या शाळेबद्दल का म्हटलं ते मला कळलं, आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

हैदराबादला फुगा घालून झडप उघडायची होती. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, झडपेत फुगा फुगवायचा, काढून घ्यायचा. छाती कापावी लागत नाही. तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. तोपर्यंत गोळ्या, पाणी काढायच्या, ठोके सावकाश करायच्या, रक्त पातळ ठेवायच्या. गावाला न पाठवता मी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं. भाऊ पोरीजवळ थांबला.

ते आठ दिवस मी आधी कधी घाबरले नव्हते तशी घाबरून काढले. स्वयंपाकघरात असताना तिचा खोकला ऐकू आला की हातातलं टाकून धावायची. खोकला ऐकू आला नाही तर अजून जोरात धावायची. कचेरीतून रजा घेतली. गोळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला. दर तासाला तिच्या समोर बसून मिनिटाचे श्वास मोजायची.

"बाई, तुमी मोजता म्हनून जास्त येतात," ती म्हणाली.

"बोलू नको, पुन्हा सुरू करावं लागते."

"मी काय परीक्षेले बसली काय?"

नातेवाइकांना मी एकेक फोन लावला. तुम्हाला सपाट झोपता येतं का, एवढंच विचारलं. एक चुलत वहिनी चिडल्या, "काऊन वो, तुमाले कोनं सांगतलं मी मरून राह्यली म्हनून?" मी माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला. घरात माझ्या नवऱ्याला ढेकर आला तरी मी जबडा दुखतो का विचारायची. स्वतःचं मनगट दिवसातून दहादा धरायची. आपलं हृदय चालू आहे हे एकदा लक्षात आलं की ते विसरता येत नाही, आणि लक्ष दिलं की ते मुद्दाम अडखळल्यासारखं वाटतं.

एक अडचण उरलीच होती. फुगा घालताना टेबलावर सपाट पडून राहावं लागणार होतं, नंतरही पाय न वाकवता काही तास. मी डॉक्टरिणीला विचारलं, हिला मिनिटभर जमत नाही, मग कसं? ती म्हणाली, गोळ्यांनी पाणी उतरलं की जमेल. रोज एक उशी कमी करून पाहा, त्रास झाला तर लगेच बसवा. म्हणून दुपारी जेवणानंतर आम्ही झोपायचा सराव करायचो. चार उशा, मग तीन. मी खुर्चीत घड्याळ घेऊन, ती पलंगावर छताकडे पाहत. तिचा हात माझ्या हातात असायचा. श्वास अडला की दाबायचा असं ठरलं होतं. दोन उशांवर आलो त्या दिवशी तिनं हात इतक्या जोरानं दाबला की माझ्या बोटांतली अंगठी रुतली, आणि मी तिला उठवताना ओरडले. बाहेर भाजीवाला थांबला. तिनं दम घेतला आणि म्हणाली, "मले दम लागला अन् तुमी काऊन बोंबलल्या?"

शेवटच्या दिवशी एका उशीवर वीस मिनिटं झाली. मी ती वहीत लिहिली नाहीत. लिहिली तर काही बिघडेल असं वाटलं. मला असं कधी वाटत नाही.

हैदराबादच्या दवाखान्यात सकाळी एक छापील कागद हातात दिला. अर्धा तेलुगू, अर्धा इंग्रजी. कचेरीतल्या कामामुळे मला दोन्ही वाचता येतं. भावाला तेलुगू बोलता येतं, वाचता नाही. तो म्हणाला, "सई कुठं कराची तेवढं दाखव, बाई."

मी कागद खालपर्यंत वाचला होता. रक्तस्राव, झडप फाटून गळणं, रक्ताची गुठळी डोक्यात जाणं, तातडीनं छाती उघडावी लागणं, आणि शेवटच्या ओळीत जिवाला धोका. मी बोट खालच्या रेघेवर ठेवलं. "इथं."

"सगळं वाचा, बाई," भावजय म्हणाली. तिला हिरवा गाऊन घातला होता, केस टोपीत. "तुमी गुळाची पुडी आली तरी तिच्यावरचं सगळं वाचता. अन् हे वाचत नाई?"

मी वाचलं. एकेक ओळ, आमच्या बोलीत. भावानं मधेच तोंड फिरवलं. शेवटच्या ओळीपाशी मी पाणी प्यायले आणि ती ओळही वाचली.

"हे तं घरीबी होतं," ती म्हणाली, आणि पेन मागितला. भावाच्या सहीच्या जागेच्या वर तिनं स्वतःचं नाव काढलं. एकेक अक्षर, वेळ लावून. नर्स घाई करत होती. मी नर्सला थांबवलं.

तिला आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. माझ्या पिशवीत वही होती, पेन होता, भिंतीवर घड्याळ होतं. मी काहीही मोजलं नाही. मला फक्त तिचं माझ्यासमोर सतरंजीवर पडणं आणि भिंत धरून उठणं दिसत होतं, आणि त्या टेबलावर धरायला भिंत नाही एवढंच डोक्यात फिरत होतं. भाऊ म्हणाला, "मी तिले राणी म्हनून चिडवत होतो." मला गुळाच्या ढेपा आठवत होत्या.

दार उघडून डॉक्टर आले तेव्हा मी उभी राहिले. ते म्हणाले, झडप छान उघडली. थोडी गळते, तेवढं चालतं. मागचा दाब तिथल्या तिथं उतरला. ठोके अजून अनियमित आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू राहतील, आणि एकवीस दिवसांचं इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं, आता न चुकता. भाऊ त्यांच्या पाया पडायला लागला, त्यांनी त्याला धरलं.

संध्याकाळी आम्हाला एकेक करून आत सोडलं. ती सपाट पडली होती. डोक्याखाली एकही उशी नव्हती. पाय सरळ, हात बाजूला, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. इतकी सपाट आणि इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती. इतके दिवस तिचा श्वास दोन हातांवरून ऐकू यायचा. आता काही ऐकू येत नव्हतं. पांघरूण हलतंय की नाही मला दिसेना. यंत्राचे आकडे चालू होते, पण मी आकड्यांकडे पाहिलंच नाही. मी तिचा खांदा धरला आणि ओरडले, "सिस्टर! सिस्टर!"

नर्स धावत आली. आधी यंत्र पाहिलं, मग तिला, मग माझ्याकडे. "निद्रपोतोंदम्मा," ती चिडून म्हणाली. झोपली आहे ती, बाई. झोपली आहे.

भावजयीनं डोळे उघडले. कुठे आहोत ते तिला जरा वेळानं उमजलं. मग माझा हात तिच्या खांद्यावर आहे हे दिसलं.

"काऊन उठवलं?"

"भ्याली मी," मी म्हटलं.

"लय दिवसानं लागलती," ती म्हणाली. तिला खरंच राग आला होता. "आता भेऊन झालं असन तं झोपू द्या."

मी खांद्यावरचा हात काढून घेतला.